आरशात नुसतं आभाळ

वसईला जाऊन आलो म्हटलं की आमच्या अकोल्यात पहिला प्रश्न ठरलेला, "किल्ला पाहिला का?" पाहिला. मोठा आहे, पडका आहे, आत झाडं माजली आहेत आणि वटवाघळांचा वास येतो. दुसरा प्रश्न, "अन् समुद्र कसा असते हो?" या प्रश्नाला मी अजून धड उत्तर देऊ शकले नाही. एकदा सगळं लिहून काढावं आणि विचारणाऱ्याच्या हातात कागद द्यावा, म्हणून बसले आहे.

आमचं जाणं झालं ते मधूमुळे. मधू म्हणजे माझा धाकटा भाऊ. मुंबईत नोकरी करतो, आणि त्या वर्षी त्याने कुणाकडून तरी एक जुनी गाडी घेतली होती. त्याला ती दाखवायची हौस आणि ह्यांना ती उघडून पाहायची हौस. ह्यांचं अकोल्याला हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस शांत, देवमाणूसच म्हणा, पण लग्नाला निघाला तरी कोटाच्या खिशात डिसमिस आणि मूठभर वायसर असणार. मी पुष्कळ बोलून पाहिलं, मग सोडून दिलं. बोलून मीच दमते.

गाडीला बाहेरचा आरसा एकच, चालवणाऱ्याच्या दारावर. घोडबंदरच्या रस्त्याला लागलो आणि त्या आरशाने मान टाकली. दांडीला जिथे आरसा जोडलेला असतो तिथला सांधा सैल झाला होता. मधू खिडकीतून हात काढून त्याला वर करायचा, पुढचा खड्डा आला की आरसा पुन्हा खाली. मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी त्यात चाक दिसायचं, नाहीतर माझ्या भावाचं कोपर.

"काहून हलते बाप्पा हा?" मागून ह्यांचं सुरू झालं. "थांबव गाडी. पाहू दे मले."

"भाऊजी, घरी पोचल्यावर बघा ना आरामात. इथे ट्रक मागे लागलेत."

"ट्रक मागं हायेत हे तुले दिसते कशात?"

मधूने खिडकीतून हात काढून आरसा पुन्हा वर केला. मी खिडकीबाहेर पाहून हसू दाबलं.

पापडी

वसईतल्या पापडीला मधूच्या ऑफिसातल्या मित्राकडे उतरायचं होतं. त्याचं नाव इनास. घर कौलारू, पुढे ओटी, अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस, त्याच्या पायाशी जास्वंद. मागे विहीर, पानवेली आणि केळीची बाग, इतकी दाट की दुपारीसुद्धा आत हिरवा अंधार. आमच्याकडे शेत म्हणजे नजर जाईल तिथवर उघडी काळी माती. इथे माणूस दहा पावलं बागेत गेला की दिसेनासा होतो. इनासची आई बागेतून केळीची पानं घेऊन बाहेर आली तेव्हा ती आली कुठून हेच मला आधी कळलं नाही. लाल काठाचं नऊवारी लुगडं, गळ्यात क्रूस. मी पाया पडायला वाकले तर तिने मला वरच्यावर धरलं.

"बाय माजी, दमली असशील. आदी पानी पी."

मी तिला मावशी म्हणू लागले आणि तीही मला बाय म्हणत राहिली.

ह्यांची एक फजिती इथे सांगायलाच हवी. ख्रिस्ती घरी जायचं म्हणजे मटणाची मेजवानी, असं मनात धरून ह्यांनी दोन दिवस घरी जेवणात काटकसर केली होती. आणि आम्ही गेलो ते नेमके त्यांच्या उपवासकाळात! ईस्टरपर्यंत त्या घरात मटण-कोंबडी शिजत नाही, लग्नंही होत नाहीत. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण मावशीने बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी केल्या, वर सुकेळी दिली. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी, मधासारखी गोड आणि चिवट. ह्यांनी इतकी खाल्ली की शेवटी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी इनास आम्हाला पाचूबंदरला घेऊन गेला. होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता आणि बोलीवर बोली अशा चढत होत्या की आमचा कापसाचा बाजार मुका वाटावा. समुद्र समोर होता. पाणी किनाऱ्यापासून पार लांब गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या. "पाणी गेलं कुठे?" मी विचारलं. इनास म्हणाला, "येईल ना. जातं तसं येतं." किती साधं वाक्य! मी ते ऐकलं आणि विसरले. आमच्या मोर्णा नदीचं पाणी एकदा गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोंड दाखवत नाही. जाणारं पाणी परत येतं, हे डोक्याला कळलं तरी आमच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

पुनवेची सकाळ

दुसऱ्या दिवशी होळी होती. सकाळी चहा झाल्याबरोबर ह्यांनी अंगणात आरशाचं काम काढलं. मावशीकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागून घेतला. आरसा दांडीवरून सोडवला तर आतल्या स्क्रूचे आटे गेलेले. म्हणजे कितीही पिळा, तो फिरत राहणार आणि धरणार नाही. ह्यांनी कात्रीने रबराची गोल चकती कापली, मध्ये भोक पाडलं, खिशातून आपला एक बोल्ट काढला, मागून नवा नट लावला आणि पान्याने आवळला. मग आरशाला हाताने धरून गाडी गदागदा हलवली. आरसा जागचा हलला नाही.

"आता गाडी मोडंल, आरसा नाही हलणार," असं म्हणून हे हात धुवायला विहिरीवर गेले. त्या दिवशी त्यांची चाल जरा वेगळीच होती. एरवी मला त्यांच्या या खटपटीचा राग येतो, पण तेव्हा बरं वाटलं.

ह्यांच्या मनात आणखी एक होतं. मीठ कसं बनतं ते पाहायचं. उमेळ्याच्या पुढे खाडीला लागून मिठागरं आहेत असं इनास बोलता बोलता म्हणाला होता. त्याला स्वतःला यायला जमत नव्हतं, कारण केळीचा माल त्या दिवशी रवाना व्हायचा होता. "रस्त्यावरूनच बघा, आत नका शिरू," एवढं त्याने सांगितलं आणि आमच्यासाठी एक अख्खा घड मागच्या सीटवर उभा करून दिला. घड एवढा मोठा की मागची काच पुरती झाकली गेली आणि हे त्याला मिठी मारून बसले. मला मागे बसलं की मळमळतं, म्हणून मी पुढे.

निघताना मावशी गाडीपाशी आली. "आज पुनव हाय बाय. बारा वाजाच्या आत मागं फिरा. खाडीवर ऱ्हाव नका."

मी हो म्हटलं. आता खरं सांगते, मला वाटलं, ही जुन्या वळणाची बाई, भर बाराची वेळ पाळते. आमच्याकडेही आजी म्हणायची, भर दुपारी बारा वाजता नदीवर जाऊ नये, चकवा लागतो. आपल्याला ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि भलतीकडे नेतो. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मी हे मधूला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. मागून हे म्हणाले, "हसू नये म्हाताऱ्या माणसाले." मावशी पाण्याबद्दल बोलत होती, भुताबद्दल नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बांधावर

उमेळ्यात वाड्यांच्या मधेमधे नव्या इमारतींचे पाये खोदलेले दिसत होते. ते मागे पडलं, झाडं संपली आणि एकदम सगळं सपाट झालं. दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोनी वाफे, त्यांच्या कडांना मिठाचा पांढरा थर. इतका उजेड की डोळे बारीक करावे लागले. रस्त्यावरून नीट दिसेना, तेव्हा मधूने गाडी एका मातीच्या बांधावर घातली. गाडीच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त रुंद. लांब टोकाला थोडा उंचवटा, तिथे मिठाच्या राशी आणि एक झोपडी दिसत होती.

माणूस मात्र एकही नव्हता. होळीला सगळे आपापल्या गावी गेले असणार, हे कळत होतं, तरी ते बरं वाटत नव्हतं. मीठ ओढायची लाकडी फावडी वाफ्यात तशीच उभी होती. एका खुंटीला कुणाचा तरी सदरा अडकवलेला होता. वारा पडला होता आणि सदऱ्याची बाही हलत नव्हती. कावळासुद्धा नाही. आमच्या रानात दुपारी निदान होला घुमतो.

उंचवट्याच्या जरा अलीकडे गाडीला एक दणका बसला. टण् असा आवाज झाला आणि आरशाने पुन्हा मान टाकली.

"नट गेला," हे म्हणाले. आवाज असा की घरातलं कुणी गेलं असावं.

"जाऊ दे ना भाऊजी. उमेळ्याला परत गेलो की दुसरा टाकू."

"दुसरा कशाले? इथंच कुठं पडला असंल. लखलखीत नवा नट होता." आणि घड बाजूला सारून हे उतरलेसुद्धा. डोक्यावर टोपी, नजर जमिनीवर, दोन्ही हात मागे बांधून निघाले बांधावरून मागे. मी ओरडणार होते की उन्हात कशाला, पण सकाळची त्यांची ती चाल आठवली आणि गप्प बसले.

मधूने गाडी उंचवट्यावर चढवून थांबवली. मग तो उतरला, आरशाच्या सांध्याला आपला हातरुमाल गुंडाळून बराच वेळ खटपट करून त्याने तो घट्ट बांधला आणि आत येऊन बसला. आरशात पाहिलं, बाहेर हात काढून आरसा थोडा खाली केला, पुन्हा पाहिलं.

"काय झालं?"

"साला नुसतं आभाळ दिसतंय. अजून खाली करायला पाहिजे."

त्याने अजून खाली केला. तरी आभाळ. निळं, वर एक लहानसा पांढरा ढग. "ताई, आता तर हा जमिनीकडे बघतोय. तरी आभाळच." तो हसत होता, पण हसणं अर्ध्यात थांबलं. मी त्याच्या अंगावरून वाकून आरशात पाहिलं.

आरशात आभाळ होतं. वर आभाळ, खाली आभाळ. मधोमध माझा नवरा चालत होता. त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. पायांना जोडून त्याचीच दुसरी आकृती उलटी लोंबकळत होती, टोपीसकट. मला आधी वाटलं, ऊन लागलं मला. मी दार उघडून बाहेर पडले आणि मागे पाहिलं.

मागे बांध नव्हता. ज्यावरून आम्ही आलो तो सगळा बांध, दोन्हीकडचे वाफे, सगळं पाण्याखाली होतं. लाट नाही, खळखळ नाही. पाणी चोरपावलांनी येऊन पसरलं होतं आणि त्याच्यावर आभाळ पडलं होतं. कुठे जमीन, कुठे खोल, काही समजत नव्हतं. आणि त्या सगळ्याच्या मधे हे, पोटऱ्यांइतक्या पाण्यात. पण हे आमच्याकडे येत नव्हते. तिरपे चालले होते, खाडीच्या दिशेने, आणि मान वर करून, कुणाला तरी पाहत चालावं तसे. चालण्यात घाबरगुंडी नव्हती. बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण जातो तसे जात होते.

मधूने हॉर्न वाजवला, वाजवतच राहिला. ह्यांनी मान वळवली नाही.

झोपडीतून एक म्हातारा धावत बाहेर आला. मिठागराचा राखणदार, उघडाबंब, लंगोटी नेसलेला. हॉर्नने त्याची झोप मोडली होती. त्याने पाण्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आवं, तिकरं कं चाललाय तो? तिकरं चर हाय! दोन पुरुस पानी! आज पुनवेचं उधान, उघारी खोललेली हाय!"

नंतर नीट कळलं ते इथेच सांगते. मिठागरात पाणी घ्यायचं ते पुनवेच्या आणि अवसेच्या मोठ्या भरतीला. बांधात एक लाकडी दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. ती उघडून ठेवायची, भरती आपोआप आत येते. माणसं ती उघडून होळीला निघून गेली होती, दर वर्षी जातात तशी. उघाडीपाशी बांधाला लागून खोल चर आहे. तो कळावा म्हणून बांधाच्या कडेने काठ्या रोवलेल्या असतात.

"काठ्या कुठे आहेत मग?" मधूने ओरडून विचारलं.

"होलीला नेल्या पोरांनी," म्हातारा म्हणाला. "होलीच्या लाकराला नाय कसं बोलाचं?" तो झोपडीत बांबू आणायला वळला.

होळीचं लाकूड चोरलं तर रागवायचं नसतं, आमच्याकडेही नसतं. पण तेव्हा मला कुठलं सुचतंय! मी पाण्याच्या कडेला उभी होते आणि माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता. हे पुढे जात होते. पाणी गुडघ्याच्या वर आलं. एक पाऊल, आणखी एक. मी श्वास ओढून घेतला आणि ओरडले.

मी त्यांचं नाव घेऊन ओरडले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. रेशन कार्डासाठी विचारलं तरी मी शेजारणीला सांगायला लावते. ते नाव माझ्या घशातून असं निघालं की मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

हे थांबले. एक पाय उचललेला होता, तो त्यांनी मागे घेतला, आणि सावकाश वळून आमच्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. नुसते वर धरून ठेवले. म्हातारा बांबूने चाचपत पाण्यात शिरला होता. हे हलले नाहीत. ते त्या आभाळात उभे आणि मी इकडे, आणि त्या मधल्या वेळात मला फक्त एवढं कळत होतं की हात खाली केले तर हा माणूस जाईल. म्हाताऱ्याने जाऊन त्यांचा दंड धरला. मग बांबू त्यांच्या पुढे पाण्यात घातला, त्यांना दाखवायला. ते जिथे पुढचं पाऊल टाकणार होते तिथे सगळा बांबू आत गेला आणि म्हाताऱ्याची मूठ पाण्याला टेकली.

परत येताना

पाणी उतरेपर्यंत आम्ही झोपडीत बसलो. म्हाताऱ्याने गुळाचा काळा चहा दिला, मी घडातली केळी त्याच्यापुढे ठेवली. हे ओल्या धोतराने बसले होते आणि सारखे खाडीकडे पाहत होते. नट सापडला नव्हता. त्याची आठवणही त्यांना राहिली नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली.

ओहोटी लागली आणि बांधाची पाठ चिखलातून वर आली तेव्हा मधूने गाडी सावकाश काढली. आरसा रुमालात बांधलेलाच होता. मी या खेपेला मागे बसले, ह्यांच्या शेजारी. मळमळलं तर मळमळू दे म्हटलं. बांध अर्धा मागे पडला तेव्हा हे बोलले.

"तू इकडं कवा आली?"

"म्हणजे?"

"मघा तू तिकडं होती ना. खाडीच्या अंगाले." त्यांनी बोटाने दाखवलं. तिकडे चिखल होता आणि त्याच्या पलीकडे पाणी. "मी खाली पाहून नट शोधत होतो, तर तू 'अहो, इकडं या. अहो' करून बलावत होती. चांगली दोन-तीन वेळा. मनात आलं, ही तिकडं कशी गेली? पण आवाज तुझाच. म्हणून चाललो होतो तिकडं. मंग मागून कोणतरी नावानं हाक मारली. मले वाटलं, इथं मले नावानं ओळखणारं कोण हाये बाप्पा? म्हणून वळून पाहिलं, तर तू."

मधूने गाडी चालवता चालवता मागे वळून पाहिलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या दुपारी मी ह्यांना 'अहो' म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. ओरडले ते एकदाच, आणि काय ओरडले ते मधूने ऐकलं होतं.

संध्याकाळी मावशीने ह्यांच्या धोतराला लागलेला खाडीचा चिखल पाहिला आणि क्रूसापाशी एक मेणबत्ती लावून आली.

आता अकोल्याला मी ह्यांना नावाने हाक मारते. दुकानातून, अंगणातून, भर बाजारातून. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारणी पदर तोंडाला लावून हसतात, म्हणतात, मुंबईचं वारं लागलं हिला. लागू दे. 'अहो' काय, कोणीही म्हणतं.